एक्केचाळिसाव्या वर्षी पीटीएचा अभ्यास झेपेल का?

पत्र

ताई, नमस्कार.

मी ह्यूस्टनजवळ राहते. वय ४१. पुण्यात बी.कॉम. केलं, काही वर्षं बँकेत नोकरी केली, मग लग्न होऊन इकडे आले. दोन मुलं आहेत, दोघंही आता शाळेत जाती झाली. ग्रीन कार्डही आलंय. गेल्या वर्षी सासूबाईंचा गुडघा बदलला. ऑपरेशननंतर घरी व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती पीटीए, म्हणजे फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट. एक दिवस तिनं व्यायाम घेतलेच नाहीत. सासूबाईंची पोटरी पाहिली, दोन्ही पाय टेपनं मोजले, कुणाला तरी फोन केला आणि आम्हाला लगेच हॉस्पिटलात जायला सांगितलं. पायात रक्ताची गुठळी निघाली. तेव्हापासून हे काम आपण करावं असं सारखं मनात येतंय.

पण बी.कॉम.वाल्या बाईला, तेही या वयात, हा अभ्यास झेपेल का? त्यात नेमकं शिकवतात काय? इंटरनेटवर चार महिन्यांचा ऑनलाइन कोर्स दिसतो, तो चालेल का? नवरा म्हणतो, तेवढ्या वेळात डेटा ॲनालिटिक्स कर. भारतातले नातेवाईक विचारतात, आता लोकांचे पाय चेपणार का? पुढे पूर्ण फिजिकल थेरपिस्ट होता येईल का, हेही सांगा. आणि माझी नणंद नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवीधर आहे, ती लवकरच इकडे येतेय. तिनंही हाच कोर्स करावा का?

– तुमची एक वाचक

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही दोन ओळींत उरकलीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. त्या मुलीनं व्यायाम घेतले नाहीत, तो दिवस.

तिनं काय केलं ते नीट पाहा. एका पोटरीची सूज दुसरीशी ताडून पाहिली आणि डोळ्यांवर विसंबून न राहता टेप लावली. गुडघा बदलल्यानंतरच्या आठवड्यांत पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो, हे तिला ठाऊक होतं. पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असताना व्यायाम घ्यायचा नाही आणि चोळायचं तर मुळीच नाही, हेही ठाऊक होतं. ‘तुम्हाला गुठळी झालीय’ असं मात्र ती म्हणाली नाही, कारण निदान करणं तिच्या अधिकारात नाही. जे दिसलं ते तिनं ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं आणि तुम्हाला वाटेला लावलं. त्या पाच-दहा मिनिटांमागे दोन वर्षांचं शिक्षण होतं. मी स्वतः फिजिकल थेरपिस्ट आहे, पीटीएचे विद्यार्थी क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णांवरच्या प्रत्यक्ष कामासाठी, माझ्याकडे येतात, आणि मी त्यांच्यात हेच शोधत असते. व्यायाम घेणं शिकवता येतं आणि बहुतेकांना ते जमतंही. समोरच्या माणसाकडे पाहून आज पुढे जायचं की थांबायचं, हे ओळखणं हा या अभ्यासाचा गाभा आहे. विषयांची नावं कितीही असोत, शिकायचं असतं ते हे.

आता या कामाची चौकट सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे. रुग्णाची पहिली तपासणी फिजिकल थेरपिस्ट करते. उद्दिष्टं आणि उपचारांचा आराखडाही तीच ठरवते. पीटीए तो आराखडा प्रत्यक्षात उतरवते: व्यायाम, चालण्याचा सराव, तोल, पलंगावरून खुर्चीत हलवणं, शेक, विजेची उपकरणं, घरच्यांना शिकवणं. सांधा किती अंश वाकतो, स्नायूत किती जोर आहे, हे ती मोजते आणि लिहिते. आराखड्याच्या आत राहून व्यायाम सोपा-अवघड करण्याची तिला मुभा असते. उद्दिष्टं बदलायची किंवा उपचार संपले असं ठरवायचं, तर ते थेरपिस्टकडेच जातं. सहीच्या मर्यादेत काम करणं तुम्ही बँकेत पाहिलंय, तेव्हा यात कमीपणा कसा नसतो हे मी तुम्हाला सांगायला नको. तरीही स्वतःला एकदा विचारा: शेवटचा शब्द आपला नसला तर मला चालेल का? ज्यांना ते चालत नाही त्या या कामात हुशार असूनही कष्टी होतात. ज्यांना चालतं त्यांना एक मोठी गोष्ट मिळते, ती म्हणजे रुग्णाचा सहवास. सासूबाईंना थेरपिस्ट किती वेळा भेटली आणि ही मुलगी किती वेळा, ते आठवा.

चार महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचा विचार आजच डोक्यातून काढा. ते बहुधा एड किंवा टेक्निशियनचं प्रमाणपत्र असतं. एडचं काम प्रामाणिक आहे: टेबल तयार करणं, उपकरणं पुसणं, रुग्णाला आत आणणं. पण त्याला पीटीएचं लायसन्स मिळत नाही आणि क्लिनिकवाले तो माणूस बहुतेक वेळा कामावरच तयार करतात, त्यासाठी पैसे भरायची गरज नसते. पीटीए व्हायला कॅप्टे या संस्थेची मान्यता असलेला, असोसिएट पदवीचा, सुमारे दोन वर्षांचा कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. हल्ली काही मान्यताप्राप्त कॉलेजंही थिअरी ऑनलाइन घेतात, पण लॅब आणि क्लिनिकल प्रत्यक्षच असतं. कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबू नका, कॅप्टेच्या यादीत नाव शोधा. तुमच्या भागात ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेज आणि सॅन जॅसिंटो कॉलेज या दोन्ही सार्वजनिक कॉलेजांत हा कार्यक्रम चालत आलाय, चौकशी तिथून सुरू करा.

कॉलेज निवडताना तीन आकडे मागा: किती विद्यार्थी कोर्स पूर्ण करतात, किती लायसन्सची परीक्षा पास होतात आणि किती जणांना नोकरी मिळते. ते जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक आहे. कॅप्टेची किमान अपेक्षा दोन वर्षांच्या सरासरीत अनुक्रमे ६०, ८५ आणि ९० टक्के अशी आहे. पहिल्या आकड्याकडे बारकाईनं बघा. परीक्षेचा निकाल झळझळीत, पण निम्म्या मुली अध्येमध्ये गळालेल्या, असं असेल तर तिथली वाट फार चिंचोळी आहे. नवीन कार्यक्रमाला पूर्ण मान्यता नसून ‘कँडिडेट’ असा दर्जा असू शकतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याचा अर्थ काय ते प्रवेशाआधी समजून घ्या.

आता बी.कॉम.चं. पदवी वाया गेलेली नाही, पण फार उपयोगी पडेल असंही नाही. विद्यापीठाकडून गुणपत्रिका मागवा आणि त्यांचं विषयवार मूल्यांकन करून घ्या. गणित, संख्याशास्त्र, एखाददुसरा सामाजिक विषय यांचे क्रेडिट मिळू शकतात. इंग्रजी निबंधलेखनाचा पेपर मात्र बरीच कॉलेजं इथलाच हवा म्हणतात. विज्ञानाचं काहीच मिळणार नाही. खरा दरवाजा आहे तो ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा. एक आणि दोन, असे दोन भाग, दोन्हींना लॅब. त्याशिवाय मानसशास्त्र असतं आणि काही ठिकाणी वैद्यकीय शब्दावली किंवा थोडं भौतिकशास्त्रही.

माझा ठाम सल्ला असा: येत्या सत्रात फक्त ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी भाग एक घ्या. एकच विषय. बाकीचे सोपे विषय आधी उरकून घ्यावेत असा मोह होतो, तो टाळा. मानसशास्त्रात ए मिळाल्यानं तुमचा प्रश्न सुटत नाही. हाडं २०६, आणि प्रत्येकावरचे खाचखळगे नावानिशी पाठ करायचे. प्रत्येक स्नायूच्या चार गोष्टी लक्षात ठेवायच्या: कुठून निघतो, कुठे जोडला जातो, काय हालचाल करतो आणि कोणता मज्जातंतू त्याला चालवतो. हे कोरडं पाठांतर वाटेल, पण पुढे प्रत्येक दिवशी लागतं. खांद्याभोवतीच्या रोटेटर कफच्या चार स्नायूंपैकी कोणता फाटलाय, यावरून हात कुठल्या दिशेला आठवडेच्या आठवडे उचलू द्यायचा नाही हे ठरतं. बी.कॉम.वाली मुलगी इथे मागे पडते असं मी पाहिलेलं नाही. रोज तास-दीड तास वेळ न काढणारी मागे पडते, मग ती बी.एस्सी. का असेना. तुम्हाला तो वेळ घरात खरोखर मिळतो का, हे एका सत्रात कळेल. मिळाला आणि बी किंवा ए आला, तर वयाची काळजी सोडून द्या. एक लक्षात ठेवा, विज्ञानाचे विषय ठराविक वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. पाच वर्षांची अट बऱ्याच ठिकाणी असते. तेव्हा भाग एक करून चार वर्षं विसावा घेऊ नका.

त्याच काळात निरीक्षणाचे तास सुरू करा. काही कॉलेजं ते मागतात, काही मागत नाहीत. मागत नसले तरी करा. आणि फक्त खेळाडूंच्या दुखापतींच्या चकचकीत क्लिनिकमध्ये बसू नका. नर्सिंग होममध्ये जा, जमल्यास हॉस्पिटलच्या वॉर्डात जा. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगाच्या कडेला बसवायला दोन जणी लागतात, मध्येच त्याला उलटी होते, कपडे बदलावे लागतात, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे पाहून झाल्यावर घरी जाताना तुम्हाला काय वाटतं, ते मला कळवलंत तरी चालेल.

प्रवेश बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच, जागा थोड्या, आणि निवड गुणांवर: विज्ञानातल्या ग्रेड, कधी एखादी प्रवेश चाचणी, कधी मुलाखत. मिळाल्यावर लसी, क्षयाची तपासणी, सीपीआर, पोलिसांकडची पार्श्वभूमी आणि अमली पदार्थांची चाचणी, ही कागदपत्रं पटापट करून टाका.

आता तुम्ही विचारलंत ते: नेमकं शिकवतात काय. कार्यक्रम साधारण पाच सत्रांचा असतो. सुमारे तीन चतुर्थांश वर्ग आणि लॅब, एक चतुर्थांश क्लिनिकल. विषय ठरलेल्या क्रमानं येतात, एक राहिला तर बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. त्यामुळे मुलांचा ताप आणि तुमची परीक्षा एकाच आठवड्यात आली तर घरचं कोण बघणार, हे आधीच ठरलेलं हवं.

पहिल्या सत्रात हात तयार होतात. रक्तदाब, नाडी, श्वास. रुग्णाला कुशीवर वळवणं, उठवणं, खुर्चीत हलवणं, कमरेला पट्टा बांधून धरणं. वॉकर, कुबड्या, काठी यांची उंची ठरवणं. कुणाला पायावर अजिबात भार द्यायचा नाही, कुणाला फक्त बोटं टेकवायची, कुणाला सोसेल तेवढा, यातला फरक. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे रुग्णाला थकलेल्या अवस्थेतही आठवेल असं शिकवणं. मग कायनेसिऑलॉजी येते, म्हणजे हालचालीचं शास्त्र. चालताना एका पायाचा साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत जातो. त्या छोट्याशा चक्रात कोणता स्नायू कधी आखडतो आणि कधी सैल होतो, हे कळलं की रस्त्यानं जाणारं माणूस का लंगडतं ते दिसायला लागतं. मला आजही या विषयाचं प्रेम आहे, विद्यार्थ्यांना मी तो घाईनं वाचू देत नाही. सासूबाईंच्या गुडघ्याला ती मुलगी प्लास्टिकचा कोनमापक लावत असेल. त्याचा मध्य हाडाच्या नेमक्या खुणेवर, एक भुजा मांडीच्या रेषेत, दुसरी पोटरीच्या. बोट घसरलं तर आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर थेरपिस्ट पुढचा निर्णय घेते. स्नायूंचा जोर शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात, तेही असंच हातानं शिकायचं.

नंतर उपकरणं: शेक, बर्फ, अल्ट्रासाउंड आणि टेन्स, म्हणजे त्वचेवरून सौम्य वीज देऊन वेदना कमी करणारं यंत्र. इथे बटणं लवकर येतात, पण परीक्षा असते ती कुणाला द्यायचं नाही याची. पेसमेकर कुठे आहे, त्वचेला स्पर्श कळतो का, कॅन्सर आहे का, गर्भ आहे का. मग सांध्यांचे आजार आणि ऑपरेशनं. नितंबाचा सांधा मागच्या बाजूनं चिरून बदलला असेल, तर ९० अंशांच्या पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. हे पाळायचं तर कमोडची उंची, खाली पडलेली चप्पल, सगळ्याचा विचार आला.

सगळ्यात कठीण आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू. स्ट्रोक, पार्किन्सन, पाठीच्या कण्याची इजा, लहान मुलांचे विकासाचे टप्पे. एकच उदाहरण देते. ज्याच्या मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा वर इजा झालीय, अशा माणसाचं व्यायाम करता करता अचानक डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. अननुभवी माणूस त्याला आडवा करून आराम द्यायला जाईल. तेच करायचं नसतं. रक्तदाब धोकादायक वाढत असतो. त्याला आधी ताठ बसवायचं, घट्ट कपडे सैल करायचे आणि लघवीची नळी दुमडली-तुंबली आहे का ते बघायचं, कारण पुष्कळदा मूळ तिथं असतं, आणि मदत बोलवायची. अशी प्रकरणं पुस्तकात एका पानाची असतात. ती तुमच्या हातापायात भिनेपर्यंत लॅबमध्ये पुन्हा पुन्हा करून घेतात.

सरावाची परीक्षा मुलींना लेखीपेक्षा जास्त घाबरवते. हातात चिठ्ठी येते: अमुक ऑपरेशन, अमुक वय, पलंगावरून व्हीलचेअरमध्ये हलवा. समोर वर्गमैत्रीण रुग्ण झालेली. तुम्ही गोड बोललात, पाय नीट धरलात, सगळं झालं, पण व्हीलचेअरचे ब्रेक लावले नाहीत, तर तिथेच नापास. कमरेचा पट्टा विसरलात, नापास. सुरक्षिततेच्या या गोष्टींना गुणांची बेरीज-वजाबाकी नसते. विद्यार्थिनी रडतात, मला वाईट वाटतं, तरी ही अट मला शंभर टक्के मान्य आहे.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. लॅबमध्ये तुम्ही एकमेकींवर, एकमेकांवर शिकता. शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचा टॉप घालावा लागतो, पाठीच्या सरावाला पाठ उघडी लागते. वर्गातली विशीतली मुलं-मुली तुमच्या मांडीवर, खांद्यावर हाडं चाचपतील आणि तुम्ही त्यांच्या. आपल्याकडे वाढलेल्या बाईला पहिल्या दिवशी अवघडायला होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. अंगावर चादर कशी टाकायची, किती भाग उघडा ठेवायचा, हात लावण्याआधी कसं विचारायचं, हे शिकवलं जातं आणि त्यालाही गुण असतात. स्वतःला झालेलं अवघडलेपण पुढे फार कामी येतं, कारण ऐंशी वर्षांच्या आजींनाही तसंच वाटत असतं. धार्मिक किंवा वैयक्तिक अडचण असेल तर प्राध्यापिकेशी प्रवेशानंतर लगेच बोला, बहुतेक ठिकाणी मार्ग काढतात.

क्लिनिकल म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवर, अनुभवी थेरपिस्ट किंवा पीटीएच्या देखरेखीखाली पूर्णवेळ काम. देशभरात सरासरी १६ आठवडे भरतात, टप्प्याटप्प्यानं. यात पगार मिळत नाही आणि ठिकाण कॉलेज ठरवतं. ते तुमच्या घरापासून तासाभरावर असू शकतं. मुलांना शाळेतून कोण आणणार, हा प्रश्न खरा या आठवड्यांचा आहे. नवऱ्याशी बोलायचं ते यावर बोला.

तिथं शिकण्याची एक युक्ती: रोज संध्याकाळी टिपण लिहायचा सराव स्वतःहून मागा. रुग्ण काय म्हणाला, तुम्ही काय मोजलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय, असा त्या टिपणाचा साचा असतो. ‘रुग्णानं व्यायाम छान केले’ असं लिहिलेलं माझ्याकडून परत येतं. किती वेळा, किती आधारानं, कुठे तोल गेला, नाडी किती झाली? विमा कंपनी त्या टिपणावर पैसे देते आणि पुढची थेरपिस्ट त्यावर विसंबते.

पदवीनंतर राष्ट्रीय परीक्षा. ती वर्षातून चार वेळा होते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. १८० प्रश्न, चार तास. गुण २०० ते ८०० च्या मापावर देतात आणि पास व्हायला ६०० लागतात. बारा महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात एकूण सहादा बसता येतं, त्यामुळे ‘बघू तरी’ म्हणून बसू नये. टेक्साससाठी याखेरीज राज्याच्या कायद्यावरची चाचणी आणि बोटांचे ठसे लागतात. पुढे दर दोन वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण, त्यासाठी शिक्षणाचे २० क्रेडिट. उद्या नवऱ्याची बदली झाली तर थेरपीचा आंतरराज्य करार आहे, टेक्सास त्यात आहे. करारातल्या दुसऱ्या राज्यात काम करायची परवानगी त्यामुळे लवकर मिळते.

पैशांचं सरळ सांगते, कारण नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे. श्रम खात्याच्या आकडेवारीत पीटीएचा मधला पगार अलीकडे वर्षाला ६५ हजार डॉलरच्या आसपास आहे. डेटाच्या नोकरीत सुरुवातीला कदाचित अधिक मिळेल, आणि पीटीएचा पगार काही वर्षांनी फारसा चढत नाही. शिवाय २०२२ पासून पीटीएनं दिलेल्या बाह्यरुग्ण सेवेला मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, ८५ टक्केच दर देते, त्याचा दाब क्लिनिकांवर येतो. नर्सिंग होममध्ये मिनिटामिनिटाचा हिशेब मागतात, तोही थकवतो. दुसऱ्या बाजूला कामाला तोटा नाही, घरी जाऊन सेवा देण्यात वेळ बराचसा आपल्या हातात राहतो, आणि शाळेच्या वेळेशी जुळणारं अर्धवेळ काम सापडतं. खर्चात मोठा फरक कॉलेजच्या निवडीनं पडतो. सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात, तुम्ही त्याच्याच हद्दीत राहत असाल तर, फी खूपच कमी असते. खासगी संस्था कित्येक पट घेतात आणि लायसन्स दोघींना तेच मिळतं. तुमच्याकडे भारतातली पदवी असल्यानं पेल ग्रँट ही सरकारी शिक्षण-मदत मिळणार नाही, पदवी परदेशी असली तरी तो नियम लागतो. ग्रीन कार्डावर सरकारी विद्यार्थी-कर्जाला मात्र अर्ज करता येतो. नवऱ्यासमोर हे सगळं जसंच्या तसं मांडा. पैशांच्या तुलनेत डेटा जिंकला तरी चालेल, फक्त तुलना खऱ्या आकड्यांची व्हावी.

पाय चेपण्याबद्दल विचारणाऱ्यांवर रागावू नका, सासूबाईंना बोलायला सांगा. गुठळी कुणी ओळखली हे त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. या व्यवसायातली पहिली तुकडी, पंधरा जणांची, १९६९ मध्ये मायामी आणि मिनियापोलिसमधून बाहेर पडली. तेव्हापासून त्याला अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, कायदा आहे. नातेवाइकांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, भारतात हे पद या स्वरूपात नाहीच.

पूर्ण थेरपिस्ट व्हायचं तर त्यासाठी आता डॉक्टरेट लागते, डीपीटी. पीटीएचे तांत्रिक विषय तिकडे सहसा धरले जात नाहीत. पीटीएमधून डीपीटीकडे नेणारे खास कार्यक्रम अगदी मोजके आहेत, ओहायोतल्या फिंडले विद्यापीठाचा त्यातला जुना. म्हणून पीटीए ही डीपीटीची पहिली पायरी समजून चढू नका. मनात आत्ताच डीपीटी असेल, तर बी.कॉम.वर त्यासाठी लागणारे विज्ञानाचे विषय भरून थेट तिकडे जाणं वेळेच्या हिशेबात बरं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्हाला त्या मुलीचं काम हवंय. ते काम स्वतःच पुरेसं मोठं आहे.

नणंदेनं पीटीएचा कोर्स करू नये. ती थेरपिस्ट आहे आणि तिचा रस्ता वेगळा आहे: एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन, लागल्यास टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, आणि मग थेरपिस्टचीच राष्ट्रीय परीक्षा. इथली पदवी आता डॉक्टरेटची असल्यानं बीपीटीत काही विषय आणि क्रेडिट कमी भरतात, ते इथल्या एखाद्या विद्यापीठातून पूर्ण करावे लागतात. यात वेळ जातो, पण पुन्हा पहिल्या पायरीवर उतरण्यापेक्षा तो सार्थकी लागतो. तिनं विमानात बसण्याआधी एवढं करावं: विद्यापीठाकडून गुणपत्रिकांचे सीलबंद संच घ्यावेत, चारही वर्षांचा सविस्तर अभ्यासक्रम तासांसकट शिक्कामोर्तब करून घ्यावा आणि सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचं विभागवार प्रमाणपत्र कॉलेजकडून मिळवावं. इथून फोनवर ही कागदं मिळवायला महिने लागतात.